तुमचे खाते गोठवण्यात आले आहे

ऑनलाइन खेळात तोंड बंद करून घ्यायला फार कष्ट पडत नाहीत. कोथरूडमधल्या चौघांनी रात्री साडेदहाला खेळ उघडावा आणि त्यांतल्या एकाने रोमन लिपीत ‘शीतल आली का?’ एवढेच विचारावे, की काम झाले. शीतल ही कोणाची तरी थोरली बहीण आहे, चौथा फोन तिच्या हातात आहे आणि ती भात टाकून येणार आहे, हे खेळातल्या शब्दगाळणीला माहीत नसते. गाळणीला दिसतात ती नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे. त्यांच्या जागी ती चार फुल्या टाकते आणि पडद्यावर ‘फुल्याफुल्या-अल आली का?’ असा प्रश्न उमटतो. कोणाला कळत नाही म्हणून तो पुन्हा विचारला जातो. तिसऱ्या वेळी विचारणाऱ्याचे तोंड दहा मिनिटांसाठी बंद होते. गटातले दीक्षित मध्यस्थीला येतात आणि समोरच्या संघाला आपली ओळख करून देतात. तीही आडनावासकट, कारण पुण्यात आडनावाशिवाय ओळख पूर्ण होत नाही. त्यांच्याही आडनावाच्या पोटात इंग्रजीच्या हिशेबाने दोन गैर शब्द दडलेले असल्याने दीक्षितही गप्प होतात. उरलेला हर्षित आपले नाव सांगण्याच्या भानगडीत पडत नाही. तो अनुभवी असतो.

हे दुखणे जुने आहे. इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या रहिवाशांना १९९६ मध्ये ‘अमेरिका ऑनलाइन’ या कंपनीकडे खातीच उघडता येईनात, कारण गावाच्या नावात एक असभ्य शब्द बसला होता. तेव्हापासून संगणकाच्या या आजाराला त्या गावाचे नाव पडले आहे. कंपनीची कचेरी सदाशिव पेठेत असती तर तो मान दीक्षितांकडे गेला असता.

खेळातली शिस्त राखणारे तीन प्रकारचे असतात. पहिले यंत्र, म्हणजे ही गाळणी. दुसरा कंपनीचा पगारी माणूस. आणि तिसरा खेळाडूंमधूनच निवडलेला, बिनपगारी, हौशी नियंत्रक, ज्याला सगळे जण ‘मॉड’ म्हणतात. यांपैकी पहिल्याला अक्कल नसते, दुसऱ्याला वेळ नसतो आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर आहे अशी तिसऱ्याची समजूत असते. या तिघांच्या वर सरकार असते. त्याचा विचार पुढे येईल.

खेळाडूला दुसऱ्या खेळाडूविरुद्ध तक्रार करायची असेल तर ‘रिपोर्ट’ नावाचे बटण दाबायचे असते. ते दाबले की यादी उघडते: शिवीगाळ, फसवणूक, आक्षेपार्ह नाव, आपल्याच गड्याला मारणे, मुद्दाम हरणे. यादी करणारी मंडळी हुशार असावीत, पण त्यांतले कोणी पुण्यात राहिलेले नसावे. अपमान करायला शिवी लागते हे गृहीतच मुळा-मुठेच्या अलीकडचे नाही. इथला खेळाडू शिवी देत नाही, तो चौकशी करतो. खेळाच्या नकाशावरच्या पोचिंकी गावात उतरल्या उतरल्या गारद झालेल्या गड्याला तो म्हणतो, “झालं? बरं झालं, लवकर मोकळे झालात.” घराघरांतून सामान गोळा करत बसलेल्याला म्हणतो, “सावकाश होऊ द्या. लक्ष्मी रोडला आलोच आहोत तर दोन दुकानं आणखी बघू.” नेम चुकल्यावर, “तुम्हाला तिकडेच मारायचं होतं ना? मग छान.” प्रस्तुत लेखकाचा खेळ काही मिनिटे शांतपणे पाहून बारा-तेरा वर्षांच्या आवाजाने विचारले होते, “काका, तुम्ही खेळताय, की नेटवर्क तपासायला आलात?”

यावर तक्रार करता येत नाही. केलीच तर दोन दिवसांनी उत्तर येते: ‘संभाषण तपासले. नियमभंग आढळला नाही.’ आढळणार कसा? संभाषणात ‘आपण’ आहे, ‘छान’ आहे, ‘होऊ द्या’ आहे. यंत्राच्या हिशेबाने त्या लढाईतला सर्वांत सभ्य माणूस तोच. उलट कोल्हापूरकडचा गडी मित्राला मरताना पाहून जिवाच्या आकांताने धावत येतो, स्वतः गोळ्या खात त्याला उठवतो, आणि उठवता उठवता जी प्रेमाची हाक मारतो तिच्यापायी सात दिवस आत जातो. जीव वाचवणारा बंदीत आणि खोचक बोलणारा पुढच्या रँकवर, असा हा न्याय आहे.

आवाजाचेही तसेच. विजय मिळाला की वसतिगृहातला खेळाडू ‘आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी ठोकतो. १९६३ पासून भरणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात ही आरोळी ऐकलेल्यांना तिच्यात काही वावगे वाटणार नाही. पलीकडे हेडफोन लावून बसलेल्या बिहारमधल्या गड्याला मात्र आपल्यावर हल्ला झाला असे वाटते. तो रिपोर्ट करतो, घरमालक दार वाजवतो, आणि एकाच आरोळीवर दोन ठिकाणी कारवाई होते.

खेळण्यापेक्षा खेळाच्या नियमांवर बोलण्याची हौस या शहराला जुनी आहे. बॅडमिंटनचे सुरुवातीचे लेखी नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतल्या ब्रिटिश अंमलदारांनी तयार केले असे सांगतात, आणि त्या खेळाला तेव्हा ‘पूना’ असेही म्हणत. नियम लिहिले जात असताना कोणी स्थानिक गृहस्थ कडेला उभे राहून “सर्व्हिस अशी नसते हो,” म्हणत होते का, याची नोंद नाही. नसतील असे मानणे अवघड आहे.

संगणकावरच्या फौजदारीचा उगम मात्र इंग्लंडातला. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये अनेकांनी एकाच वेळी खेळायचा एक खेळ लिहायला घेतला, रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला, आणि ‘मड’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. चित्रे नव्हती, नुसती अक्षरे. त्यात पुरेसे गुण मिळवणारा ‘विझर्ड’ होई, आणि विझर्डाला खेळ चालवण्याचे अधिकार मिळत. नुसती आज्ञा टंकून तो समोरच्या खेळाडूला कायमचा संपवू शकत असे. ज्याला खेळात मिळवण्यासारखे काही उरलेले नाही, त्याने इतरांनी काय करावे हे ठरवायचे, ही परंपरा तिथून सुरू झाली. ती पुढे निवृत्त मंडळींनी सोसायट्यांमध्येही चालवली, पण तो वेगळा विषय आहे.

याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार वर्ग पाडले: गुण मिळवणारे, जग धुंडाळणारे, गप्पा मारायला येणारे आणि दुसऱ्याला मारायला येणारे. ही विभागणी आजही शिकवली जाते. तिच्यात पाचवा वर्ग राहून गेला आहे: तक्रार करायला येणारे. हा खेळाडू लढाईत फारसा दिसत नाही. तो सुरुवातीलाच मरतो, मग उरलेला वेळ इतरांचा खेळ पाहतो, स्क्रीनशॉट काढतो, वेळ टिपून ठेवतो, आणि लढाई संपली की त्याची लढाई सुरू होते. समोरच्यावर बंदी आली तर तो खट्टू होतो, कारण प्रकरण मिटते.

नियंत्रणाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला खटला १९९७ च्या ऑगस्टमधला. ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ तेव्हा चाचणीत होता आणि त्याचा निर्माता रिचर्ड गॅरियट ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या वेषात प्रजेला दर्शन द्यायला निघाला होता. राजा अमर होता, म्हणजे तशी सोय केलेली होती. पण मधे सर्व्हर बंद पडला, आणि पुन्हा आत येताना राजेसाहेब अमरपण चालू करायला विसरले. एका खेळाडूने जवळच्याच्या पिशवीतून चोरलेला आगीचा मंत्र गंमत म्हणून राजावर टाकला. राजा जळून मेला. राजपुरुषांनी संतापून राक्षस सोडले आणि त्यात दर्शनाला आलेली निरपराध प्रजाही मेली. पुढे त्या खेळाडूवर बंदी आली. राजाला मारले म्हणून नव्हे, असा कंपनीचा खुलासा होता. त्याच्याविरुद्ध आधीपासूनच तक्रारी होत्या. महापालिकेत, विद्यापीठात किंवा सहकारी बँकेत नोकरी केलेल्या कोणालाही हा खुलासा समजावून सांगावा लागत नाही. साहेबांचा अपमान झाला की जुन्या फायली आपोआप वर येतात.

त्याच खेळाच्या स्वयंसेवकांनी २००० साली कंपनीवर दावा लावला: आम्ही तासन्तास लोकांच्या तक्रारी ऐकतो, हे काम आहे, पगार द्या. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिका ऑनलाइनच्या स्वयंसेवकांनी असाच दावा लावला होता, आणि तो बऱ्याच वर्षांनी दीड कोटी डॉलरवर मिटला. पुण्यातल्या कोणा मॉडने पगार मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही. त्याला नावाचा रंग वेगळा हवा असतो. इतरांची नावे पांढरी आणि आपले केशरी किंवा हिरवे, नावापुढे एक छोटा मुकुट, आणि कोणालाही ‘म्यूट’ करण्याची मुभा, एवढ्यावर तो रात्री दोनपर्यंत फुकट राबतो. दिवसा त्याला घरात रिमोटसुद्धा कोणी देत नाही.

पुण्यातल्या क्लॅनचा, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या टोळीचा, मॉड बहुधा नवी पेठेतल्या किंवा नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत सापडतो. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करत असतो. तहसीलदार होणे अजून बाकी असते, पण प्रशासनाची भाषा अंगात पूर्ण मुरलेली असते. ‘भावा, पाच मिनिटांत येतो’ म्हणून अर्ध्या लढाईतून जेवायला गेलेल्या गड्याला इतर गावांत चार शब्द ऐकवले असते. इथे त्याला कारणे दाखवा नोटीस येते: ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, दि. ४ रोजी रात्री ११ वाजून १० मिनिटांनी आपण विनापरवानगी लढाई सोडून गेल्याने क्लॅनच्या प्रतिमेस बाधा पोहोचली आहे. तरी आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा २४ तासांत सादर करावा.’ खुलासा येतो: ‘आई ओरडली.’ त्यावर शेरा पडतो: ‘खुलासा समाधानकारक नाही. पुरावा जोडावा.’ बिचारा आईचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. तो ऐकल्यावर शिक्षा माफ होते, कारण त्यात आई मॉडबद्दलही बोललेली असते.

नियमांचे पान वाढत जाते. पहिल्या दिवशी तीन नियम असतात: शिवी देऊ नये, चीट वापरू नये, वेळेवर यावे. चौथा नियम कोणी एकाने काही तरी केल्याने येतो. त्यात त्याचे नाव नसते, पण सगळ्यांना कळते. ‘सरावाच्या वेळी पोहे खाऊ नयेत, माइकमध्ये आवाज येतो.’ ‘रिव्हाइव्ह करताना उपदेश करू नये.’ ‘हरल्यावर इंटरनेट कंपनीचे नाव घेऊ नये.’ ‘मॉडला दादा म्हणावे, भावा म्हणू नये.’ महिनाभरात नियम इतके होतात की ते वाचायला लागणाऱ्या वेळात दोन लढाया खेळून होतील, आणि म्हणून ते कोणी वाचत नाही. मग सर्वांत शेवटचा नियम येतो: ‘वरील नियम वाचले नाहीत ही सबब चालणार नाही.’

क्लॅन फुटतो तो या नियमांवरून. एखादा उपमॉड, ज्याचे नाव अजून पांढरेच आहे, अर्धे खेळाडू घेऊन रात्रीतून दुसरा क्लॅन काढतो. दोन्ही गट आपणच मूळ असल्याचे सांगतात. नाव कोणाचे, बोधचिन्ह कोणाचे, जिंकलेल्या ढाली कोणाच्या, यावर चर्चा होते. महाराष्ट्रातल्या गेल्या काही वर्षांच्या घडामोडी पाहत वाढलेल्या पोरांना याची कार्यपद्धती तोंडपाठ असते. “संख्याबळ आमच्याकडे आहे,” असे एक चौदा वर्षांचा मुलगा माइकवर म्हणतो तेव्हा त्याच्या बाजूला नऊ जण असतात आणि त्यांतल्या चौघांची उद्या युनिट टेस्ट असते. फुटलेले दोन्ही गट पुढच्या सुट्टीत एकत्र येतात. नियम मात्र दोन्हीकडचे कायम राहतात.

न्याय खेळाडूंच्याच हाती द्यावा, हा प्रयोगही झालेला आहे. ‘लीग ऑफ लीजेंड्स’ या खेळात २०११ मध्ये ‘ट्रायब्युनल’ सुरू झाले. तक्रारी झालेल्या खेळाडूचे संभाषण इतर खेळाडूंनी वाचायचे आणि शिक्षा की माफी, यावर मत द्यायचे. २०१४ मध्ये ते बंद पडले. कल्पना उत्तम होती. अडचण माणसाची असते: रात्री नऊला गड्याच्या सात पिढ्या उद्धरणारा खेळाडू दहा वाजता न्यायासनावर बसतो आणि दुसऱ्याने लिहिलेला ‘नूब’ हा शब्द वाचून त्याला गहिवरून येते, की हल्ली खेळात संस्कार म्हणून राहिले नाहीत. आपली शिवी ही परिस्थितीने आणलेली असते. दुसऱ्याची त्याच्या वळणाची असते.

सगळ्यांनाच बंदीचे दुःख होते असेही नाही. ‘क्लब पेंग्विन’ या लहान मुलांच्या, अतिशय कडक देखरेखीच्या खेळात मोठ्या माणसांनी जाऊन सर्वांत कमी सेकंदांत स्वतःवर बंदी कशी आणता येते याच्या शर्यती लावल्या. २०१७ मध्ये तो खेळ बंद झाला, तेव्हा सगळेच एकदम बाहेर पडले आणि शर्यत बरोबरीत सुटली.

भारतातला मुख्य गुन्हा शिवीचा नव्हे, चीटचा. भिंतीपलीकडचे दिसणे, नेम आपोआप लागणे, अशा सोयी विकत मिळतात आणि त्या घेणाऱ्याला ‘हॅकर’ म्हणतात. बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ चालवणाऱ्या क्राफ्टन कंपनीने २०२१ च्या ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या साधारण सहा आठवड्यांत २५ लाखांहून अधिक खाती कायमची बंद केल्याचे जाहीर केले होते. या २५ लाखांत एकही दोषी नव्हता. बंदी आलेल्या कोणालाही विचारावे, उत्तर एकच मिळते: “मी नव्हतो, लहान भावाने घेतला होता फोन.” एकुलती एक मुलेही हेच सांगतात. या देशातले सगळे धाकटे भाऊ किती कुशल, किती निर्ढावलेले आणि थोरल्याचा पासवर्ड माहीत असलेले असतात, याचा अभ्यास व्हायला हवा. त्याच वर्षाच्या अखेरीस खात्याऐवजी थेट फोनवरच बंदी घालण्याची व्यवस्था आली. त्यामुळे तपकीर गल्लीच्या आसपास स्वस्तात जुना फोन घेणाऱ्याला फोनबरोबर आधीच्या मालकाचे पापही मिळण्याची सोय झाली. दुकानदार चार्जर देतो, कव्हर देतो, याबद्दल काही बोलत नाही.

प्रामाणिक माणसाचे हाल वेगळेच. त्याचा नेम एकदा, चुकून, चांगला लागतो. आयुष्यात पहिल्यांदा पाच जण सलग पडतात. आई-वडिलांना बोलवून दाखवावे असे त्याला वाटत असते, तोवर पाचही जणांनी त्याला हॅकर म्हणून रिपोर्ट केलेले असते. प्रस्तुत लेखकावर अशी तक्रार कधीही झालेली नाही. तेवढा विश्वास त्याच्या खेळाने सर्वत्र संपादन केला आहे.

आता सरकार. सगळ्या मॉडांचा मॉड तोच, आणि त्याला नावाचा रंग बदलून घ्यावा लागत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ११८ अ‍ॅपवर बंदी आली. त्यांत पबजी मोबाइल होता. त्या संध्याकाळी शहरात दोन प्रकारची घरे होती. एका प्रकारात मुलगा जेवला नाही, दुसऱ्यात आई-वडील दोनदा जेवले. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने, सोवळे नेसून परत आला. रक्ताचा रंग हिरवा झाला. माणसे मरायची बंद होऊन ‘फिनिश’ होऊ लागली. स्वयंपाकघरातून “मेलास का एकदाचा? पानं वाढलीत,” अशी विचारणा झाली की आतून दुरुस्ती येते, “मेलो नाही गं आई, फिनिश झालो.” अठरा वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आली, दिवसाला ७,००० रुपयांहून अधिक खर्च करता येणार नाही असे ठरले (ही मर्यादा वाचून बहुतेक घरांत मर्यादेपेक्षा रकमेवरच चर्चा झाली), आणि खेळायला पालकांची संमती लागू लागली. संमती म्हणजे पालकाच्या फोनवर येणारा आकडा.

“बाबा, ओटीपी आलाय का बघा.”

“कसला?”

“क्लासचा.”

“सहा आकडी आहे. कोणता क्लास?”

“ऑनलाइन आहे, बाबा. लवकर सांगा, बॅच सुरू होतेय.”

वडील आकडा सांगतात आणि पोराला अभ्यासाची गोडी लागली म्हणून आईला बोलावून कौतुक करतात. २८ जुलै २०२२ रोजी हा खेळही दुकानांतून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या बोलीवर परतला. या वेळी मोठ्यांनाही दिवसाला सहा तासांची मर्यादा लागली. कंपनीतून घरी यायला हिंजवडीच्या रस्त्यावर जो वेळ जातो तो वजा केला, तर सहा तास कोणाकडे उरतात हा प्रश्न राहतोच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे खेळ त्याने बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. या दुसऱ्या भागाची बातमी घरोघर मुलांनीच मोठ्याने वाचून दाखवली. “बाबा, आता हा कायद्याने खेळ आहे.” “मग मैदानावर जाऊन खेळ.” कायद्यात यावर उत्तर नाही.

पुण्यात खेळ बनवणाऱ्या कंपन्याही आहेत, हे शेजाऱ्यांना फार उशिरा कळते. ‘रिअल क्रिकेट’ बनवणारी नॉटिलस मोबाइल इथली. ‘मास्कगन’ आणि १६ ऑक्टोबर २०२४ ला आलेला ‘इंडस’ हे खेळ बनवणारी सुपरगेमिंगही इथलीच. खेळ परदेशी असला की पुणेकर निमूटपणे बंदी सोसतो. खेळ गावातला आहे असे कळले की तो बटण दाबत नाही, ओळख काढतो. मावसभावाची मैत्रीण तिथे चित्रे काढते, तिच्यामार्फत निरोप जातो. निरोपात तक्रार दोन ओळींची आणि खेळ कसा असायला हवा होता याचे मार्गदर्शन चार पानांचे असते. लग्नाच्या पंगतीत ती सापडली तर जिलबी वाढणारा पुढे जाईपर्यंत तिला फलंदाजाचा बॅकलिफ्ट कुठे चुकला आहे हे ऐकून घ्यावे लागते. ती फक्त स्टेडियममधली झाडे रंगवत असते. “मग झाडांचंही सांगतो,” असे म्हणून काका खुर्ची पुढे ओढतात.

बाकीच्यांना अधिकृत वाट धरावी लागते. कंपनीकडे तक्रारीचे तिकीट काढले की पहिले उत्तर यंत्राकडून येते: ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’ दुसरे उत्तरही यंत्राकडूनच येते: ‘आपली समस्या सुटली असल्याने हे तिकीट बंद करत आहोत. आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ रागाच्या भरात एक तारा द्यायला गेलेले बोट पाचव्यावर पडते. आभाराचा संदेश येतो. तो मागे घेता येत नाही.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावले, आणि तक्रारीची पोच २४ तासांत व निकाल १५ दिवसांत देण्याची मुदत घातली. म्हणजे कुठे तरी हाडामांसाचा एक माणूस हे अर्ज वाचत बसलेला असतो. त्याच्याकडे येणारे अर्ज ‘मी एका सुसंस्कृत घराण्यातला’ असे सुरू होतात, मधे आजोबांच्या नोकरीचा उल्लेख करतात, गेल्या दहा लढायांचे धावते वर्णन देतात, आणि अर्जदाराचा प्लेअर आयडी द्यायचा विसरतात. तेव्हा वाचकांना विनंती आहे. अर्जात आयडी, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट एवढेच द्यावे. घराण्याची माहिती, खेळाचे आवाज किती असावेत यावरील सूचना आणि लहान भावाविषयीची हकीकत वेगळ्या अर्जात जोडावी. आणि शीतलला विचारायचे असेल तर सरळ फोन करावा.